भात खाल्ल्यावर दोन तासांनी

वजन कमी करायची शस्त्रक्रिया झालेल्या बाईने आपण काय खातो ते डॉक्टरांना खरं सांगावं. एवढ्याच एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले आहे. मी पाच महिने खोटं बोलले. त्या पाच महिन्यांत एका दहा महिन्यांच्या मुलाचं हाड मोडलं आणि त्याचा दोष त्याच्या आईवर गेला. तो माझा होता.

एकशे बारा किलो

मी वंदना, अंगणवाडी सेविका आहे. पोलादपूरपासून आत आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव. माहेर महाड तालुक्यातलं, तुडीलचं. लग्नात मी सडपातळ होते, फोटो आहे. मुलगी झाली, मग थायरॉईड निघाला, मग साखर. छत्तिसाव्या वर्षी इन्सुलिन सुरू झालं आणि अडतिसाव्या वर्षी काटा एकशे बारावर गेला.

गावातल्या प्रत्येक लहान मुलाचं वजन दर महिन्याला मी करते. कोण किती ग्रॅम वाढलं, कोण घटलं, सगळं लिहिते. त्यामुळे माझ्यावर बोलायला लोकांना फार डोकं चालवावं लागत नसे. "पोरांची वजनं भरत नायत, बाईचं बरं भरतंय." "लापशी जाते कुठं ते दिसतंय की." तोंडावर कोणी बोललं नाही, पण पाठ फिरली की ऐकू येईल एवढ्याच आवाजात बोलायचे. बारा वर्षांत मुलांच्या पातेल्यातला एक घास मी तोंडात घातला नव्हता. मीठ बघायलाही मी आमच्या मदतनीस लताला सांगायचे. पण हे कोणाला सांगणार आणि कोण ऐकणार?

गुडघे गेले तेव्हा आईने मला महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. तिची श्रद्धा. मी पायरी उतरले तशा आतल्या दोन बायका बाजूला सरकल्या आणि एक दुसरीला म्हणाली, "थांब, आता पाणी वर येतंय." दोघी हसल्या. आई माझा हात धरून उभी होती, तिने ऐकलं नाही असं दाखवलं. मी गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं बसले आणि वर आले.

मिस्टर महाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. मला मोटारसायकलवर मागे घ्यायचे नाहीत. "टायर बसतो" म्हणायचे. मी एसटीने जायचे, ते गाडीने जायचे, आणि स्टँडवर भेटायचो.

महाडच्या डॉक्टरांनी एक दिवस फाईल मिटली आणि सांगितलं की इन्सुलिन आता किती वाढवणार, किडनीवर यायला लागलंय, मुंबईला मोठ्या सरकारी रुग्णालयात बायपास करून घ्या. मी विचारलं, "हृदयाची?" ते म्हणाले, "पोटाची." मला तोपर्यंत असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

वॉर्ड

वॉर्डात आम्ही चार जणी होतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीला औषधाच्या बाटलीचं झाकण असतं तसला एक छोटा कप दिला. दर पंधरा मिनिटांनी त्यातून पाणी प्यायचं, तेही घोट घोट. घड्याळाकडे बघत पाणी पिण्याची ती पहिलीच वेळ. माझ्या शेजारची बाई चिपळूणकडची होती. ती म्हणायची, "ताई, आयुष्यभर लोक सांगत आले कमी खा. आता बघा, सरकारी शिक्का मारून कमी खातोय." हसलं की टाके ओढायचे, तरी हसायचो.

सकाळी सहाला रक्त घ्यायला यायचे, सातला फरशी पुसली जायची, आठला डॉक्टरांची फेरी. वॉर्डातल्या एका आयाबाईंनी पहिल्या दिवशी मला उठवून चालवलं. माझा घाम, माझा गाऊन, माझी नळी, सगळं त्यांनी एका हाताने सांभाळलं आणि एकदाही "जड आहात हो" म्हणाल्या नाहीत. इतक्या वर्षांत मला हात लावूनही माझ्या वजनावर न बोललेली ती पहिली व्यक्ती. तिचं नावही मी विचारलं नाही, हे मला अजून लागतं.

चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "साखर नॉर्मल. इन्सुलिन बंद." मी रडले. दोन वर्षं रोज पोटात सुई खुपसत होते. त्या दिवशी वाटलं, सुटले.

पेज

आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला पेज देतात. तांदळाची, मऊ, वर तुपाचा थेंब. मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी पेज करून ठेवली होती.

आहारतज्ज्ञ बाईंनी बजावून सांगितलं होतं की पोटात आता दोन-चार घासांचीच जागा आहे. ती जागा भाताने, पेजेने भरायची नाही. आधी डाळ, अंडं, ताक, पनीर. भात, भाकरी, पोहे, बिस्किटं शेवटी आणि नावाला. साखर तर नाहीच.

"आजारी माणसानं पेज नाय खायाची?" सासूबाईंनी वाटी हातातून खाली ठेवली नाही. "मग काय खायाचं? कसला हा डॉक्टर? त्याची आई त्याला काय देत होती?"

"आई, महिनाभर तरी नको."

"माझ्या हातचं नको म्हण की सरळ."

ती वाटी त्यांनी माझ्यासमोर उभ्याने पिऊन टाकली. त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरात रोज जेवणाच्या वेळी हेच होत राहिलं. आमच्या घरी भात म्हणजेच जेवण. भाकरी तांदळाची, घावन तांदळाचे, सणाला तळलेली गोड बोरं, तीही तांदळाची. मी तांदूळ नको म्हटलं की सासूबाईंना ते त्यांनाच नको म्हटल्यासारखं लागायचं. त्यांचं मन मी समजू शकते. माझं मन कोणी समजून घेतलं नाही, हेही मला लिहू दे.

वजन उतरत गेलं. आठ महिन्यांत चौतीस किलो. केस मूठमूठ गळले, ओढणी बांधून अंगणवाडीत जायचे. जे लोक आधी हसत होते त्यांना आता दुसरं सुचलं. "काय गो, मोठा आजार बिजार नाय ना?" आणि मुंबईहून गणपतीला आलेली जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "ऑपरेशन करून काय कोणीपण बारीक होईल. मेहनत करून दाखवा."

एका रविवारी मिस्टरांनी गाडी काढली आणि म्हणाले, "चल, महाडला जाऊन येऊ." मी पहिल्यांदा मागे बसले. चवदार तळ्यापाशी त्यांनी गाडी लावली, आम्ही कठड्याजवळ उभे राहून शहाळं घेतलं. मी दोनच घोट घेतले, बाकी त्यांनी संपवलं. ते खूश होते, चारदा माझ्याकडे बघून हसले. मी पण हसले. पण मनात एकच चालू होतं, की मी चौतीस किलो आधीही हीच बाई होते.

हळद

पुतण्याची हळद होती. शस्त्रक्रियेला नऊ महिने झालेले. पंगतीत सासूबाई माझ्या पानाशी येऊन उभ्या राहिल्या. "आज तरी पाहुण्यांसमोर पान टाकू नको." मी आमटी-भात खाल्ला, चार-पाच घास, भरभर. वर कोणीतरी जिलेबी ठेवली, ती पण खाल्ली. किती दिवसांनी! जिभेला जे वाटलं ते मी खोटं सांगणार नाही, फार बरं वाटलं.

पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली. घाम, पोटात कळ, डोळ्यांपुढे ठिपके. मांडवामागे आंब्याखाली जाऊन मी आडवी झाले. उलटी, जुलाब, सगळं एकाच वेळी. हळदीच्या साडीवर. लता धावत आली म्हणून अब्रू झाकली गेली. मांडवातल्या बायका लांबून बघत होत्या. एक म्हणाली, "दिवस गेले की काय हिला?" चाळिशीला आलेल्या बाईबद्दल.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गोड आणि भात जास्त झाला तर असं होईल. ते अर्ध्या तासात ओसरतं. मी घाबरले आणि चार महिने भाताला शिवले नाही.

खारी

पुढचं लिहायला मला जड जातंय.

बायपासनंतर चिकन, उसळ, पनीर हे पोटात दगडासारखं बसतं. दोन घास जास्त झाले की छातीत दुखतं. पण खारी, टोस्ट, बिस्किट, कुरमुरे तोंडात विरघळतात आणि सरळ खाली जातात, दुखत नाही. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. एक खारी चहात बुडवून. मग दोन. मग पोलादपूरला मीटिंगला गेले की बेकरीतून पुडा. तो मी शिलाई मशीनच्या खणात ठेवायचे, ब्लाऊजपीसच्या खाली. एकावेळी थोडंच जायचं, म्हणून मी दिवसभर थोडं थोडं खायचे. सर्वांसमोर पानावर मी एक अंडं आणि चमचाभर आमटी घ्यायचे. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. सगळ्या गावाला वाटायचं वंदना काही खातच नाही.

वजन सात किलोने वाढलं. मिस्टर म्हणाले, "वाढतंय काय परत?" एवढंच. पण गाडी काढणं कमी झालं. मी मुंबईला तपासणीला जाणं बंद केलं. काट्यावर उभं राहायची लाज वाटत होती. दुसऱ्यांच्या मुलांना काट्यावर घालणारी बाई मी.

मग तो नवा प्रकार सुरू झाला. खाल्ल्यावर लगेच काही व्हायचं नाही. दीड-दोन तासांनी अचानक हात थरथरायचे, घाम फुटायचा, शब्द तोंडात अडकायचे. मी पटकन दोन बिस्किटं खायचे, थांबायचं. दोन तासांनी पुन्हा. मला अंदाज आला होता की याचा खाण्याशी काहीतरी संबंध आहे. पण तो कोणाला विचारायचा तर आधी बिस्किटांचं सांगावं लागलं असतं.

तो दिवस

महिन्याच्या वजनाचा दिवस होता. लताने मुलांसाठी गोड लापशी केली होती. साडेनऊला ती पाणी आणायला गेली, पातेलं झाकलेलं होतं. मी झाकण काढलं, डावाने वाटीत घेतली आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली. वाटीभर. बारा-तेरा वर्षं लोक माझ्याबद्दल जे खोटं बोलत होते, ते मी त्या दिवशी खरं केलं. वाटी विसळून पालथी घातली.

अकराच्या पुढे बायका मुलांना घेऊन आल्या. रेश्मा तिच्या दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. आयुष त्याचं नाव, गुटगुटीत, सगळ्यांकडे जाणारा. रेश्माचा नवरा मुंबईला असतो. त्याचा फोन आला म्हणून तिने मुलाला माझ्याकडे दिलं आणि बाहेर ओट्यावर गेली.

माझे हात आधीच ओले झाले होते. मला कळत होतं. हे होणार हे मला माहीत होतं, कारण ते आधी सात-आठ वेळा झालं होतं. मी लताला हाक मारून मूल तिच्याकडे द्यायला हवं होतं. पण मग ती विचारेल, काय होतंय, काय खाल्लं. मी त्याला काट्याकडे नेलं.

पुढचं मला लताने सांगितलं. मी काहीतरी भलतंच बोलत होते, शब्द लागत नव्हते. मग माझे गुडघे वाकले. लता धावली पण पोचली नाही. आयुष माझ्या हातातून सुटून काट्याच्या कडेवर आपटला आणि मग फरशीवर.

मी डोळे उघडले तेव्हा तो रडत होता. रडतोय म्हणजे आहे, एवढंच मला कळलं.

महाडला फोटो काढला. गळ्यापाशी असतं ते हाड, हासळी, मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले लहान मुलांचं लवकर जुळतं, तीन आठवडे हात बांधून ठेवा. जुळलं. आता त्याला काहीही नाही. हे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून आधीच सांगते.

"खात नाय, म्हणून पडली"

गावाने त्याच दिवशी निदान करून टाकलं. "खात नाय, म्हणून पडली." सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, "दोन वर्षं सांगते, दोन घास भात खा गो. ऐकते काय?" मला त्यांनी साखरपाणी पाजलं, मग मऊभात भरवला, स्वतःच्या हाताने. मी गप्प खाल्ला. दुपारी दीडला पुन्हा तेच. थरथर, घाम, शुद्ध हरपली. मग सलाईन. त्यात ग्लुकोज. जितकी पडायचे तितकं गोड देत होते, आणि जितकं गोड देत होते तितकी पडत होते.

दवाखान्यात विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं?"

मी म्हटलं, "काही नाही."

लता तिथेच उभी होती. पातेलं कमी भरलेलं तिने बघितलं होतं की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही. तिने कधी विचारलं नाही.

मुख्यसेविका बाईंनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, "शस्त्रक्रियेनंतरच्या अशक्तपणामुळे चक्कर आली." त्यांनी तो घेतला आणि वर मलाच सांगितलं की स्वतःची काळजी घ्या.

दोष कोणाला तरी द्यावाच लागतो. रेश्माच्या सासूने तो रेश्माला दिला. "पोर दुसऱ्याच्या हातात टाकून फोनवर बोलत बसली. बाईची तब्येत दिसत नव्हती काय?" नवऱ्यानेही मुंबईहून तेच ऐकवलं. हे मला आमच्या शेजारणीकडून कळत होतं. मी मान हलवायचे.

आणि रेश्मा? पंधरा दिवसांनी ती आयुषला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. त्याचा हात अजून पट्ट्यात बांधलेला. दुसऱ्या हातात डबा. "ताई, घावन आणलेत. गरम हायत. जरा खात जा हो. तुमच्यामुळं माझ्या पोराला लागलं असं मी नाय म्हणत. तुम्ही स्वतः पडलात, तुम्ही काय करणार?"

मी डबा घेतला. आयुष माझ्याकडे झेप घेत होता, ती म्हणाली, "नको रे, ताईंना बरं नाय."

ती तीन-चार वेळा अशी आली.

काय खाल्लं होतं?

पाचव्या महिन्यात मी चौथ्यांदा शुद्ध हरपून पडले, घरीच. मुलगी प्राजक्ता तेव्हा अकरावीला होती. तिने माझं जुनं साखर बघायचं यंत्र कपाटातून काढलं आणि माझं बोट टोचलं. एक्केचाळीस. ज्या बाईला साखर जास्त म्हणून इन्सुलिन होतं तिची साखर एक्केचाळीस. तिने वडिलांना फोन केला नाही, आजीला बोलावलं नाही. माझ्या जिभेवर थोडी साखर ठेवली, मी सावध झाल्यावर उकडलेलं अंडं दिलं, आणि दुसऱ्या आठवड्यात मला मुंबईला घेऊन गेली. सतरा वर्षांची मुलगी.

डॉक्टर बाईंनी फाईल बघितली. "वर्षभर आला नाहीत."

"जमलं नाही."

"पडायच्या आधी दोन तासांत काय खाल्लं होतं?"

पाच महिन्यांत मला चार डॉक्टरांनी तपासलं होतं. "दोन तासांत" असं कोणी विचारलं नव्हतं. उत्तर तयारच होतं.

"काही नाही. मला जेवण जातच नाही."

"आई खाते," प्राजक्ता म्हणाली. माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत. "खारी खाते, टोस्ट खाते. मशीनच्या खणात असतात. पुडा किती दिवसांत संपतो ते मला माहीत आहे. मागच्या आठवड्यात पडली त्याच्या आधी तिने पोहे खाल्ले होते आणि वर चार बिस्किटं. मी बघितलं."

मला इतका राग आला की मी तिथेच तिला "गप बस" म्हटलं. ती गप्प बसली नाही. रडत रडत तिने सगळं सांगितलं. तारीखवार. तिने वहीत लिहून ठेवलं होतं.

डॉक्टर बाईंनी मला ओरडायला हवं होतं, मी तयार होते. त्यांनी कागद घेतला आणि एक रेघ काढली, वर जाणारी आणि मग दरीत पडावी तशी खाली येणारी. म्हणाल्या, "तुमच्या पोटाची वाट आम्ही जवळची केली आहे. भात, बिस्किट, साखर, हे आता थांबत नाही, एकदम आतड्यात उतरतं. रक्तातली साखर झपकन वर जाते. मग शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि दोन तासांनी साखर कोसळते. तुम्ही न खाल्ल्यामुळे पडत नव्हता, खाल्ल्यामुळे पडत होता. आणि त्यावर पुन्हा गोड खाल्लं की पुन्हा तेच."

"मग हे आधी का नाही कळलं?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

एसटीत आम्ही दोघी पोलादपूरपर्यंत शेजारी बसून आलो. तिने खिडकीकडे तोंड केलं होतं. उतरताना तिने माझी पिशवी घेतली.

रेश्मा

मी आठ दिवस घेतले. मग दुपारी रेश्माच्या घरी गेले. तिची सासू शेतावर होती. आयुष चुलीपासून लांब, चटईवर डबे वाजवत होता. रेश्माने पाणी दिलं, म्हणाली, "बसा ताई, काय करू खायला?"

"काही नको. सांगायला आलेय."

मी सगळं सांगितलं. लापशीचं, वाटी विसळून ठेवल्याचं, हात थरथरत होते तरी मूल खाली ठेवलं नाही याचं. डॉक्टरांशी खोटं बोलल्याचं.

रेश्मा म्हणाली, "म्हणजे तुम्हाला म्हाईत होतं."

"हो."

"मी डबा आणत होते तेव्हापण?"

"हो."

"माझी सासू पाच महिने मला काय काय बोलली ते तुम्हाला म्हाईत हाय. तुमच्या शेजारणीला मीच सांगत होते." तिने आयुषला उचलून मांडीवर घेतलं. तो हसून माझ्याकडे यायला बघत होता, तिने त्याला घट्ट धरलं. "पडलात त्याचं मला काय नाय ताई. आजार कोणालापण होतो. पण त्या दिवशी संध्याकाळी येऊन बोलला असतात तर."

"मी तुझ्या सासूला सांगते. आत्ता थांबते."

"सांगा. सांगायलाच पायजे. पण ह्याचं वजन आता लताताई करतील."

मी थांबले. सासूला सांगितलं. ती आधी माझ्यावर ओरडली, मग रेश्माकडे बघून आत गेली. माफी वगैरे तिने मागितली नाही. मुख्यसेविका बाईंना मी दुसरा खुलासा लिहून दिला, या वेळी खरा. मला लेखी ताकीद मिळाली. गावात आता माझ्याबद्दल जे बोलतात त्यातलं अर्धं खरं आहे, त्यामुळे उरलेलं अर्धं खोडून काढायचा मला हक्क राहिला नाही.

आता

आता मी काय खाते ते विचारायला बायका फोन करतात, म्हणून लिहिते. आधी अंडं, मासळी किंवा घट्ट डाळ. मग भाजी. भात शेवटी, चार चमचे, आणि तो एकटा कधीच नाही. जेवताना पाणी नाही. डॉक्टरांनी एक गोळी दिली आहे, पहिल्या घासाबरोबर. खारी, बिस्किट घरात येत नाही. थरथर सुरू झाली तर चमचाभरच साखर आणि लगेच शेंगदाणे किंवा अंडं, म्हणजे परत कोसळत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा झटका अजून येतो. तेव्हा मी बसते आणि जवळच्या माणसाला मोठ्याने सांगते, "माझी साखर उतरतेय." लाज वाटली तरी सांगते. माझ्यासारखं ज्यांना होतं त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून आपलं ठरवावं. माझं पान तुमच्यासाठी नाही.

सासूबाई आता वेगळी डाळ काढून ठेवतात. एकदाच म्हणाल्या, "मी भरवत होते आणि तू पडत होतीस. मला का नाय बोललीस गो?" मिस्टरांशी बोलणं जेवढ्यास तेवढं असतं.

आयुष तीन वर्षांचा होतोय. यंदापासून अंगणवाडीत येतो. रेश्मा त्याला दारात सोडते, लताच्या हातात देते आणि मला "येते हं" म्हणून जाते. मी त्याला गाणी शिकवते. त्याला उचलून घेत नाही. त्याने हात वर केले तरी मी खाली बसते आणि त्याच्याशी तशीच बोलते.

प्राजक्ता कॉलेजहून आली की दप्तर ठेवायच्या आधी विचारते, "आई, आज काय खाल्लंस?" मी सांगते. ती माझ्या तोंडाकडे बघते आणि पुन्हा विचारते, "खरं?" मला अजून राग येतो. गिळते, आणि पहिल्या घासापासून पुन्हा सांगायला लागते.